हात न लावायची अट

कारखान्याच्या गेटवर त्यांना सगळे एक्स-रेबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ फिरली की एक्स-रे. तयार कपड्यांचा कारखाना, शिवणखात्यात आणि पॅकिंगमध्ये मिळून शेकड्यांनी बायका. सुट्टीचा भोंगा झाला की त्या सगळ्या एका अरुंद पत्र्याच्या बोळातून एकेक करून बाहेर पडायच्या आणि बोळाच्या तोंडाशी झडती घ्यायला बाई उभ्या असायच्या. खांदे, बगला, कंबर, पोटऱ्या, पिशवी, जेवणाचा डबा. लेसचं भेंडोळं, बटणांची पुडी, झिपा, एकदा तर अंबाड्यात गुंडाळलेला रेशमी अस्तराचा तुकडा. बाईंनी काय काय म्हणून बाहेर काढलं नव्हतं! खरं तर त्यांना हात लावायचीही फारशी गरज पडत नसे. जी आज जरा जास्तच सरळ चालते, जरा जास्तच गोड हसते, तिला त्या बाजूला घ्यायच्या आणि सहसा चुकत नसत.

अशी नजर काही गणवेशाबरोबर खुंटीला टांगून घरी येता येत नाही. घरीही बाई दारातच नवऱ्याचे खिसे चाचपायच्या. नवरा एका डॉक्टरांकडे जन्मभर कंपाउंडर होता आणि गल्ली त्यांना अजून त्याच नावाने ओळखते. माणूस म्हणजे गरीब गाय, पण रक्तात साखर आणि जिभेलाही साखरच हवी. त्यामुळे बाईंची घरची नोकरी निवृत्तीनंतरही चालूच राहिली.

या घरात एक मुलगी होती. होती म्हणजे आहे, चांगली धडधाकट आहे, तासाभराच्या अंतरावर स्वतःच्या घरात राहते, पण आईच्या घरात पाऊल टाकत नाही आणि आईला आपल्या घरी बोलावत नाही. त्याला कारण ते गेटच. कॉलेजच्या सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून ती पॅकिंगमध्ये लागली होती. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी बाईंनी तिला रांगेतून बाजूला घेतलं. स्वेटर काढायला लावला, वेणी सोडायला लावली, बूट काढून उलटे झटकले. काही निघालं नाही. रांगेतल्या बायका आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरगी कामावर गेली नाही, थोड्याच दिवसांत वसतिगृहात गेली, मग नोकरी, मग लग्न. लग्नात बाई लांबच्या नात्यातल्या पाहुणीसारख्या एका खुर्चीत बसून होत्या.

"गेटवर मी कुणाची आई नव्हते," बाई सांगायच्या. "उद्या कुणी म्हणायला नको, स्वतःच्या पोरीला तशीच सोडली. म्हणून सगळ्यांदेखत घेतली झडती." हे उत्तर त्यांनी इतक्यांदा दिलं होतं की ते आता गुळगुळीत झालं होतं.

तर या हिवाळ्यात कंपाउंडर दर रविवारी पहाटेच कुठेतरी जायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "फिरायला." परत यायचे ते गुडघ्यांना चिखल, बाहीला काटे आणि चेहऱ्यावर एक चोरटा आनंद घेऊन. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. या वयाचा माणूस हाडं गोठवणाऱ्या थंडीत अंथरुणातून आनंदाने उठतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तिसऱ्या रविवारी त्यांनी नवऱ्याच्या मोज्यातून गवताचं कुसळ काढून त्याच्या नाकासमोर धरलं, आणि कंपाउंडर, ज्यांनी पुरावा समोर आल्यावर आयुष्यात कधी पाच मिनिटांहून जास्त काही लपवलं नव्हतं, घडाघडा बोलले.

लेकीबरोबर जातो, म्हणाले. एक खेळ आहे, जिओकॅशिंग की काय नाव. कुणीतरी रानात, पुलाखाली, झाडाच्या ढोलीत एक छोटी डबी लपवतं आणि तिची जागा फोनवर सगळ्यांना कळवतं. मग दुसरे लोक फोन बघत बघत तिथवर जातात. फोन नेमकं काही सांगत नाही, जवळपास नेऊन सोडतो. पुढचं आपण शोधायचं. सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी परत लपवायची.

"परत लपवायची?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आत काय असतं?"

"काही नाही गं. एखादं बटण, शिंपला, खेळण्यातली गाडी."

"मग लपवायची कशाला?"

कंपाउंडर एवढंच म्हणाले की खेळताना आजूबाजूच्या माणसांना संशय येऊ द्यायचा नाही, असा नियमच आहे. बाईंना हे ऐकून धक्काच बसला. ज्यात माल नाही, चोरी नाही, आणि तरी लपवाछपवी आहे, असला प्रकार त्यांच्या उभ्या नोकरीत त्यांच्या समोर आला नव्हता. मग ज्यासाठी त्यांचा जीव तुटत होता ते बोलल्या. "मला न्याल?"

पुढच्या आठवड्यात लेकीचा निरोप आला. ये म्हणावं. पण अट आहे. शोधायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, माझ्या सामानाकडे बघायचं नाही आणि प्रश्न विचारायचे नाहीत. दिवस नीट गेला तर दुपारी माझ्याकडे जेवायला या, दोघंही. बाईंनी हा निरोप कंपाउंडरांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला. लेकीच्या पडद्यांचा रंग त्यांनी नवऱ्याला खोदून खोदून विचारला होता, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या अंगाला आहे तेही. आता ते सगळं डोळ्यांनी बघायला मिळणार होतं, फक्त एक सकाळ हात आवरले पाहिजेत.

रविवारी बाहेरच्या बादलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. लेक तिची छोटी गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबली, घरापर्यंत आलीच नाही. कंपाउंडर पुढे बसले, बाई मागे. आणि मागच्या सीटवर, बाईंच्या मांडीला खेटून, लेकीची पिशवी होती. चेन अर्धी उघडी. आत काहीतरी निळं, काहीतरी कागदात गुंडाळलेलं. बाईंनी मान खिडकीकडे वळवली. मग हात मांड्यांखाली दाबून धरले.

"थंडी वाजतेय?" लेकीने आरशातून विचारलं.

"नाही गं."

"मग हात असे का?"

"असेच."

आरशातले डोळे तिथून लगेच हलले नाहीत. बाईंनी ते डोळे ओळखले. नकळत आपली नजर पोरीला देऊन बसलो की काय, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना फार बरं वाटलं नाही.

पहिली डबी कालव्यावरच्या जुन्या दगडी पुलापाशी होती. कालव्यात पाणी नव्हतं, तळाला गोठलेला चिखल आणि कडेला पांढरं पडलेलं गवत. कंपाउंडर फोन हातात धरून गोल गोल फिरू लागले. लेक कठड्याखाली वाकून पाहू लागली. बाई गाडीजवळ उभ्या राहिल्या आणि उभ्या उभ्या त्यांना ती दिसली. म्हणजे डबी नव्हे, दगड. कठड्यातल्या सगळ्या दगडांवर शेवाळ होतं, फक्त एकाच्या कडा खरवडलेल्या होत्या. इतकं ढळढळीत, की गेटवर एखादीने असं काही लपवलं असतं तर बाईंना तिची कीव आली असती. पण अट होती. त्यांनी झटकन मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

कंपाउंडर त्या दगडासमोरून तीनदा गेले. बाईंचं आभाळ बघून झालं, विजेच्या तारा बघून झाल्या, मग त्या स्वतःच्या नखांकडे पाहू लागल्या.

"तुला दिसलंय," लेक म्हणाली.

"मला? छे. चष्मा नाही आणला."

चष्मा नाकावर होता. लेक सरळ कठड्याकडे गेली, आईची नजर जिकडे जायची टाळत होती तिकडे, आणि तिने पहिल्याच फटक्यात तो दगड उपसला. मागे निघालेल्या डबीतल्या कागदावर बापलेकीने नावं लिहिली. बाईंना कुणी लिही म्हटलं नाही. दिसलं ते दिसलं म्हणावं तर अट मोडते, नाही म्हणावं तर खोटं ठरतं. हा कुठला न्याय, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण प्रश्न विचारायचे नव्हते.

दुसऱ्या ठिकाणी शेताच्या बांधावर एक निष्पर्ण झाड होतं. बापलेक ढोलीत हात घालून चाचपत असताना मागून कुत्रं भुंकलं. डोक्याला मफलर गुंडाळलेला एक शेतकरी, दोरीला मोठं तपकिरी कुत्रं, दोघंही सारख्याच अविश्वासाने बघत होते.

"काय हरवलंय?" शेतकऱ्याने विचारलं.

"पक्षी बघतोय," लेक म्हणाली.

"फोनला रेंज नाही," कंपाउंडर त्याच क्षणी म्हणाले.

एका प्रश्नाला दोन उत्तरं. बाईंनी डोळे मिटले. गेटवर असत्या तर या दोघांना त्यांनी एकाला इकडे आणि एकाला तिकडे उभं केलं असतं.

"आणि तुम्ही?" शेतकऱ्याने बाईंना विचारलं.

"मी नुसती आले आहे."

हे तिघांतलं एकमेव खरं उत्तर, आणि त्याला तेच सगळ्यात संशयास्पद वाटलं असावं. "इथं लोक येतात," तो म्हणाला, "वाकतात, काहीतरी चाचपतात आणि हात झटकून निघून जातात. पलीकडे पंपघरापाशीही तेच. एक दिवस सगळं उपटून फेकणार आहे मी." बाईंना त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्याच्या जागी त्याही हेच म्हणाल्या असत्या. लेक मात्र आईकडे पाहत होती. आई त्या माणसाला मान डोलावतेय, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पंपघर गावापासून लांब, उघड्या माळावर होतं. छप्पर गेलेलं, चार भिंती आणि एक गंजलेला नळ. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. गाडीतून उतरताच बाईंनी कंपाउंडरांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या एकट्याच भिंतीमागे गेल्या. थंडीत बाईमाणसाला आडोसा लागतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. परत आल्या तेव्हा लेक भिंतीसमोर उभी होती, नाक लाल, आणि तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मऊ दिसत होता.

"आई," ती म्हणाली, "ही डबी मी लपवलेली आहे. गेल्या वर्षी. अजून फारच थोड्यांना सापडली आहे. बाबांनाही सापडली नव्हती."

"शेवटी हिलाच सांगावं लागलं, कुठे आहे ते," कंपाउंडरांनी कबूल केलं.

"तू शोध," लेक म्हणाली. "आता चालेल. हवं तिथे हात लाव."

बाईंनी हातमोजे काढले. मग त्यांनी ती भिंत तपासली. माणूस तपासावा तशी, वरून खाली, कडांवरून, सांध्यांवरून, घाई न करता. नळाच्या मागे, कोपऱ्यातल्या वाळक्या वेलाखाली, उंबरठ्याच्या खाली. मनातून त्या इतक्या खूश होत्या की बोटं बधिर झाल्याचंही त्यांना कळलं नाही. शेवटी भिंतीमागे, पंपाच्या जुन्या मोटारीच्या सिमेंटच्या चौथऱ्यापाशी त्या थांबल्या. चौथऱ्याच्या मागच्या अंगाला एक वीट सैल होती. पोरीने विटेच्या फटीत माती भरून ती फट झाकली होती, वर वाळकं गवत खोचलं होतं. अशी सफाई बाईंनी उभ्या नोकरीत दोन-चारच जणींकडे पाहिली होती.

"इथे," त्या म्हणाल्या आणि वीट ओढली.

आत काही नव्हतं. डबीच्या मापाचा चौकोनी खड्डा, आणि तळाशी ओली माती.

लेक पुढे आली. तिने स्वतः हात घालून पाहिलं. मग उभी राहिली आणि आईकडे पाहिलं. मघाचा मऊपणा कुठल्या कुठे गेला होता.

"मघाशी तू एकटीच मागे गेली होतीस," ती म्हणाली.

"अगं," कंपाउंडर म्हणाले, "तिला काय माहीत डबी कुठे आहे ते?"

"तिला माहीत असावं लागत नाही, बाबा. तिला दिसतं. पुलावरही दिसलं होतं आणि नाही म्हणाली." लेक आईकडे वळली. "घेतलीस?"

"नाही."

"गंमत म्हणून घेतली असशील तरी सांग. मी चिडणार नाही."

हे वाक्य बाईंचंच होतं. गेटवर, बाजूला घेतलेल्या प्रत्येकीला त्या हेच म्हणायच्या, आणि ज्या फसायच्या त्या याच वाक्याला फसायच्या. "नाही घेतली गं," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज त्यांनी ओळखला. अगदी तोच आवाज. चोर असो की साव, बोळात उभी असलेली प्रत्येक जण याच आवाजात नाही म्हणायची. आपण जरा जास्तच ताठ उभे आहोत हेही त्यांना कळलं. सैल व्हायला गेल्या तर ते आणखीच वाईट दिसलं असतं.

"त्या कुत्रेवाल्याने नेली असेल," कंपाउंडर म्हणाले. "म्हणत नव्हता का तो, उपटून फेकणार म्हणून?"

"असेल," लेक म्हणाली, पण तिची नजर आईच्या कोटाच्या खिशांवर होती.

बाईंनी कोटाची बटणं काढली. पाय फाकवून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात बाजूला पसरले. वारा कोटात शिरला. "घे," त्या म्हणाल्या.

"आई, काहीतरीच काय."

"घे झडती. नाहीतर रात्रभर विचार करत बसशील. मला माहीत आहे ते काय असतं."

लेक पुढे आली आणि तिने आईच्या खांद्यांवर हात ठेवले.

"थोपटू नकोस," बाई म्हणाल्या. "थोपटून काही कळत नाही. दाबत ये. कॉलर उलटी कर. हां. बाहीला आतून बघ."

लेक आई सांगेल तसं करत होती. डाव्या खिशातून रुमाल निघाला, बसचं एक जुनं तिकीट निघालं. उजव्या खिशातून मूठभर पेपरमिंट निघाली. "हे काय?"

"तुझ्या बाबांच्या चष्म्याच्या घरात होती. सकाळी काढली."

कंपाउंडरांना दूर माळावर एकाएकी एक पक्षी दिसला आणि ते तिकडे टक लावून पाहू लागले. लेकीला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर आलं नाही. तिची बोटं बर्फ झाली होती, बाईंना ती कोटाच्या अस्तरातूनही लागत होती. कमरेपर्यंत येऊन ती थांबली.

"झालं," ती म्हणाली.

"बूट राहिले."

"नको."

"मी तुझे बघितले होते."

लेक मागे सरकली नाही. आईच्या कोटाची बटणं तिने एकेक करून लावली, खालून वर, आणि शेवटच्या बटणापाशी हात तसेच ठेवून विचारलं, "तेव्हा गेटवर तुला खरंच वाटलं होतं, मी काही घेतलंय म्हणून?"

ते गुळगुळीत उत्तर जिभेवर तयार होतं. लोक बोलतील म्हणून झडती घेतली, आई म्हणून नाही. बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्याने ते उत्तर देववेना.

"हो," त्या म्हणाल्या. "वाटलं होतं."

"लोकांसाठी नाही?"

"लोकांसाठी म्हणून नंतर सांगायला लागले. तू बोळातून येताना माझ्याकडे बघत नव्हतीस. सगळ्या बघतात. जी बघत नाही तिच्याकडे असतं. मला वाटलं, आता हिच्याकडे निघणार, सगळ्यांसमोर निघणार."

"आणि काही निघालं नाही तेव्हा?"

बाईंना हे सांगायची लाज वाटली, पण सांगायला सुरुवात केल्यावर अर्ध्यात थांबणं त्यांना जमलं नाही. "तेव्हाही वाटत राहिलं. कुठेतरी बघायचं राहून गेलं असेल, असं. बरेच दिवस वाटत होतं."

लेकीने बटणावरचे हात काढले. ती माळाकडे पाहत राहिली. वाऱ्याने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, की कशाने, ते बाईंना ठरवता येईना.

"मी बघत नव्हते," ती म्हणाली, "कारण मला हसू येत होतं. तू टोपी घालून अशी मोठी साहेब होऊन उभी. सगळ्या टरकून होत्या तुला. मला वाटलं, ही माझी आई. तुझ्याकडे बघितलं तर हसू फुटेल आणि सगळ्यांसमोर तुझा रुबाब जाईल, म्हणून खाली बघत होते."

बाईंनी आयुष्यात हजारो चेहरे वाचले होते, आणि हा एक त्यांनी उलटा वाचला होता. कंपाउंडरांना माळावरचा पक्षी अजून दिसत होता. ते पाठ फिरवून उभे होते आणि मोठ्याने नाक शिंकरत होते.

लेकीने फोन काढला आणि डबी जागेवर नाही असं त्यात नोंदवलं. वीट जागेवर बसवली, गवत पुन्हा खोचलं, हात झटकले. बाई तिच्या मागोमाग गाडीपर्यंत आल्या. आता उजवीकडे बसस्टँड आणि डावीकडे तिचं घर, एवढं त्यांना कंपाउंडरांकडून माहीत होतं. दार उघडायच्या आधी त्या थांबल्या, कारण न विचारता बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"अजून संशय आहे माझ्यावर?"

लेकीने खरंच विचार केला. "थोडा आहे," ती म्हणाली. "चल घरी. दारात बूट काढशीलच, तेव्हा बघीन."